वाचकांचे प्रश्न : आजार जातीचा की नेहमीचा?

या महिन्याच्या पत्रांत बहुतेक वाचकांनी कुत्र्याचे वय, वजन आणि लसीकरण कळवण्याआधी त्याची जात कळवली आहे, आणि बऱ्याच पत्रांत आजाराचे खापरही जातीवरच फोडलेले आहे. जात महत्त्वाची आहेच, परंतु ती निदानाची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर नऊ महिन्यांचा असून त्याचे वजन ३६ किलो आहे. बसल्या जागेवरून उठताना त्याला त्रास होतो आणि पळताना तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो. ज्यांच्याकडून पिल्लू घेतले त्यांनी कॅल्शियम कमी असल्याचे सांगितले, म्हणून कॅल्शियमचे औषध आणि रोज हाडांचे सूप चालू आहे. फरक का पडत नाही? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : सशासारखे दोन्ही पाय जोडीने उचलून पळणे, जिना चढायला कुरकुर करणे आणि उठताना पुढच्या पायांवर सगळा भार टाकणे ही खुब्याच्या सांध्याच्या विकाराची, म्हणजे हिप डिस्प्लेसियाची, ओळखीची लक्षणे आहेत. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे खुबे सहसा ठीक असतात; वाढीच्या महिन्यांत सांधा सैल राहतो, मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत घट्ट बसत नाही आणि घासून घासून सांधेदुखी सुरू होते. हा दोष अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून येत असल्यामुळे आईवडील धडधाकट दिसूनही पिल्लात उतरू शकतो. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि रॉटवायलर या जातींत तो विशेष आढळतो.

कॅल्शियमबाबत मात्र स्पष्ट लिहिणे भाग आहे. तयार पिल्लूखाद्य खाणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम देण्याची गरज नसते, उलट जादा कॅल्शियममुळे हाडांची वाढच बिघडू शकते. पिल्लू लंगडले की कॅल्शियमची बाटली आणायची, ही आपल्याकडची रीत कुठून आली कोण जाणे, पण ती मोडायला हवी. ते औषध आजच थांबवावे.

खरा प्रश्न वजनाचा आहे. नऊ महिन्यांत ३६ किलो म्हणजे पूर्ण वाढलेल्या नराइतके वजन झाले. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या करून, प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे आयुष्यभर देण्यात आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कमी खाणाऱ्यांना सांधेदुखी उशिरा जडली आणि त्यांचे आयुष्यही सुमारे दोन वर्षांनी अधिक भरले. लॅब्रॅडॉरचा हावरेपणा हा निव्वळ लाडाचा परिणाम नव्हे, हेही सांगायला हवे. या जातीतील जवळपास चौथा हिस्सा कुत्र्यांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, हे २०१६ मध्ये दाखवून देण्यात आले. तेव्हा भांड्यासमोर बसून तो केविलवाणा पाहत असेल तर ते पाहणे खरे असते, परंतु त्यावरून त्याचे पोट रिकामे आहे असे समजू नये. बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या बोटांना लागल्या पाहिजेत.

एक्स-रे गुंगीचे औषध देऊन, पाठीवर झोपवून आणि मागचे पाय सरळ ताणूनच घ्यावा लागतो. उभ्या कुत्र्याचा घाईत काढलेला एक्स-रे उपयोगाचा नाही. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला असेल तरीही कुत्रा असाच उठतो, म्हणून त्याच बैठकीत गुडघेही तपासून घ्यावेत. घरात गुळगुळीत टाइल्सवर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी पायपुसणी पसरावीत. घरातल्या माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये, कारण आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या दोन्हींनी कुत्र्याला विषबाधा होऊ शकते.

प्रश्न : चार वर्षांची जर्मन शेफर्ड मादी आठवडाभर मलूल आहे, आणि परवा तिच्या नाकातून रक्त आले. या जातीत रक्त न गोठण्याचा आनुवंशिक आजार असतो असे वाचले. तोच असेल का? — एक वाचक, चेंबूर

उत्तर : जर्मन शेफर्डमध्ये हिमोफिलिया आढळतो हे खरे. परंतु त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे तो प्रामुख्याने नरांना होतो आणि माद्या बहुधा केवळ वाहक असतात, म्हणजे स्वतः आजारी न पडता सदोष जनुक पिल्लांना देतात. शिवाय त्याचा तीव्र प्रकार दात पडण्याच्या किंवा पहिल्या इंजेक्शनच्या वयातच उघड होतो. चार वर्षांच्या मादीला आता पहिल्यांदा रक्त आले असेल, तर मुंबईत आधी शंका घ्यायची ती गोचीडतापाची, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या तापाची.

आपण स्वतः दोन गोष्टी पाहू शकता. वरचा ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबावी आणि सोडावी. पांढरी पडलेली जागा साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. मग ओठाच्या आतली बाजू आणि पोटाची केस विरळ असलेली कातडी पाहावी. तेथे टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले, तर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घसरल्या आहेत असे धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एर्लिकिया या जिवाणूमुळे होणारा गोचीडताप जर्मन शेफर्डमध्ये इतरांपेक्षा उग्र होतो, म्हणजे जात येथेही नडतेच, फक्त आपण समजलात त्या वाटेने नव्हे. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारणपणे २८ दिवस दिले जाते, आणि तिसऱ्या दिवशी ती जेवू लागली म्हणून ते बंद करणे घातक ठरते. गोचिडीतूनच येणाऱ्या बबेसिया या परजीवीचे औषध वेगळे असल्यामुळे रक्ततपासणीशिवाय अंदाजाने उपचार करू नयेत. अंगावर एकही गोचीड दिसत नाही, हा पुरावा होत नाही. भरपेट रक्त प्यायलेली गोचीड खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत किंवा कपाटामागे हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याबरोबर घरावरही उपाय करावा लागतो.

प्रश्न : आमच्या कॉकर स्पॅनियल नराची वीण करायची आहे. त्याची आई अलीकडे अंधारात फर्निचरला धडकते असे तिच्या मालकांनी सांगितले. काळजीचे कारण आहे का? — एक वाचक, दादर

उत्तर : आहे, आणि तपासणी होईपर्यंत वीण थांबवावी. दृष्टिपटल हळूहळू झिजण्याच्या आनुवंशिक आजारात प्रथम रातांधळेपणा येतो, बुबुळे मोठी राहतात, अंधारात डोळे जास्त चमकतात आणि पुढे पूर्ण अंधत्व येते. त्यावर उपचार नाही. परंतु मोतीबिंदूनेही कुत्रे धडकते, म्हणून आधी तिचे डोळे तपासायला हवेत. कॉकरमध्ये नेहमी आढळणारा या आजाराचा प्रकार दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तरच होतो. आईला तो असेल, तर आपल्या नराकडे किमान एक सदोष जनुक नक्की आहे. तो केवळ वाहक असला आणि जोडीदारही वाहक निघाली, तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. जोडीदार निर्दोष असेल तर एकही पिल्लू आंधळे होणार नाही, मात्र काही वाहक होतील. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून ही जनुकीय चाचणी होते, आणि ती दोघांचीही करून घ्यावी.

प्रश्न : पग घोरणारच, असे सगळे म्हणतात. आमचा तर फिरून आल्यावर बराच वेळ धापा टाकतो. हे नैसर्गिक आहे का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : सर्रास आढळते, परंतु नैसर्गिक नाही. चपट्या तोंडासाठी पिढ्यानपिढ्या केलेल्या निवडीमुळे नाकपुड्या अरुंद झाल्या आणि मऊ टाळू घशासाठी लांब पडला. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि मुंबईच्या दमट हवेत ओलावा उडत नसल्यामुळे ते जमत नाही. म्हणून मे आणि ऑक्टोबर महिन्यांत त्याला पहाटे किंवा रात्रीच बाहेर न्यावे. जीभ निळसर दिसली किंवा तो कोलमडला, तर साध्या पाण्याने भिजवून पंख्याखाली ठेवावे आणि मग दवाखान्याकडे निघावे. नाकपुड्या रुंद करण्याची शस्त्रक्रिया लहान वयात केल्यास बरीच उपयोगी पडते.

प्रश्न : देशी कुत्र्याला आनुवंशिक आजार होत नाहीत ना? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : कमी होतात, कारण मिश्र पैदाशीत सदोष जनुकांची जोडी सहसा जुळत नाही. पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीज आणि पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस मात्र जात पाहत नाहीत. लस सर्वांना सारखीच लागते.

प्रश्न : अकरा वर्षांचा पॉमेरेनियन रात्री खोकतो. थंड पाणी बाधले असेल का? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : या वयाच्या लहान कुत्र्यात रात्रीचा खोकला असेल, तर हृदयाची झडप आणि श्वासनलिका तपासावी. पॉमेरेनियनमध्ये श्वासनलिका चपटी होण्याचा आजारही आढळतो. त्यात बदकाच्या ओरडण्यासारखा कोरडा आवाज येतो आणि पट्टा ताणला की तो वाढतो, म्हणून गळ्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. घरी एक नोंद ठेवावी. तो गाढ झोपलेला असताना छाती मिनिटभरात किती वेळा वर येते ते मोजून लिहावे. हा आकडा सतत ३० च्या वर राहिला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.