ब्रिटिशांची वसाहत असलेला कुवेत १९६१ मध्येच स्वतंत्र झाला, मग संयुक्त राष्ट्रांत जायला १९६३ का उजाडलं?

तुम्ही प्रश्नात कुवेतला 'ब्रिटिशांची वसाहत' म्हटलंय, तिथूनच सुरुवात करतो. वसाहत तो कधीच नव्हता. आपल्याकडची संस्थानं डोळ्यांपुढे आणा: गादीवर शेख, आणि शेजारी ब्रिटिशांचा पोलिटिकल एजंट. फरक इतकाच की तिथे तैनाती फौज नव्हती आणि घरच्या कारभारात एजंट फारसा पडत नसे.

हे सुरू झालं २३ जानेवारी १८९९ च्या करारानं. सावत्र भावांना मारून १८९६ मध्ये सत्तेवर आलेल्या शेख मुबारक यांना तुर्कांची धास्ती होती. ब्रिटिशांच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणाला जमीन द्यायची नाही, परक्या देशाचा प्रतिनिधी ठेवून घ्यायचा नाही, असं त्यांनी लिहून दिलं. बदल्यात पाठिंबा आणि १५,००० रुपये. हो, रुपयेच. आखाताचा कारभार तेव्हा हिंदुस्थान सरकारमार्फत चाले आणि कुवेतच्या बाजारातही पुढे १९६१ पर्यंत रुपयाच चालला. शेवटची दोन वर्षं तर रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी छापलेला वेगळा रुपया होता.

१९ जून १९६१ ला कुवेतचे तेव्हाचे शासक शेख अब्दुल्ला अल-सालिम आणि आखातातले ब्रिटिशांचे मुख्य प्रतिनिधी (रेसिडेंट) सर विल्यम ल्यूस यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली आणि १८९९ चा करार संपला. (मी काही वर्षं तिथे नोकरीला होतो. राष्ट्रीय दिनाची सुट्टी मात्र २५ फेब्रुवारीला. तो या शेखांच्या १९५० मधल्या राज्यारोहणाचा दिवस. जूनच्या उन्हात संचलन कोण करणार, असं तिथले लोक हसत सांगायचे.)

खरी भानगड पुढे आहे. सहाच दिवसांनी, २५ जूनला इराकचे पंतप्रधान अब्दुल करीम कासीम यांनी जाहीर केलं की कुवेत हा बसरा प्रांताचा, म्हणजे इराकचा भाग आहे. शेखांनी मदत मागितली आणि १ जुलैला ब्रिटिश सैन्य कुवेतमध्ये उतरलं. आता पेच बघा. ज्यांच्यापासून सुटका झाली म्हणायचं, तेच बंदुका घेऊन दारात उभे! स्वातंत्र्य नुसतं कागदावरचं आहे म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं.

यातून वाट काढली ती अरब लीगनं, म्हणजे अरब देशांच्या संघटनेनं. २० जुलैला तिनं कुवेतला सदस्य करून घेतलं आणि सप्टेंबरपासून सौदी, जॉर्डन, सुदान वगैरेंचे सैनिक ब्रिटिशांच्या जागी आले. माझ्या मते कुवेतला देश म्हणून उभं करणारी चाल हीच, १९ जूनची पत्रं नव्हेत.

तरीही ३० नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघानं कुवेतच्या सदस्यत्वावर नकाराधिकार वापरला. ब्रिटिश फौजा तोवर परतल्याही होत्या, पण मॉस्कोला बगदादची मैत्री जपायची होती. दरम्यान कुवेत स्वस्थ बसला नव्हता. तेलाच्या पैशातून त्यानं १९६१ च्या अखेरीस अरब देशांना कर्ज देणारा विकास निधी काढला आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये राज्यघटना आणली.

मग फेब्रुवारी १९६३ मध्ये बगदादमध्ये उठाव होऊन कासीम मारले गेले आणि अडसर निघाला. १४ मे १९६३ ला कुवेत संयुक्त राष्ट्रांचा १११ वा सदस्य झाला. ४ ऑक्टोबरला खुद्द इराकनं करार करून त्याचं स्वातंत्र्य मान्य केलं आणि त्यानंतर कुवेतकडून बगदादला घसघशीत कर्जही मिळालं. या दोन गोष्टींचा संबंध ज्यानं त्यानं लावावा.

४ ऑक्टोबरच्या त्या करारात इराक आणि कुवेत यांच्यातल्या १९३२ च्या पत्रव्यवहारातली सीमा मान्य केली होती, पण जमिनीवर खांब रोवायचे राहूनच गेले. ते काम संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं १९९३ मध्ये पुरं केलं, इराकनं १९९० मध्ये अख्खा कुवेत एकदा गिळून पाहिल्यानंतर.