हॉरर सिनेमे फक्त खेड्यातल्या अडाणी प्रेक्षकांच्या जिवावर चालतात का? मित्र असा सिनेमा काढतोय, पैसे घालू का?

तुमच्या प्रश्नातला 'अडाणी' हा शब्द लागला, म्हणून लिहायला बसलो.

पैशाचं आधी उरकतो. भुताच्या सिनेमाला मोठा हिरो लागत नाही, परदेशातलं गाणं लागत नाही. एक वाडा, अंधार आणि आवाज नीट जमला की निम्मं काम झालं. हिंदीत भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंच्या वडिलांचा १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला, पण मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरच्या चोरीच्या सीनला लोक येतात हे भावांनी हेरलं. मग १९७२ चा 'दो गज ज़मीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला घरच्याच माणसांना कामाला लावून काढला. अमेरिकेतला 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' सुमारे १५ हजार डॉलरमध्ये शूट झाला आणि जगभरात १९ कोटी डॉलरच्या वर गेला. आपला 'तुंबाड' २०१८ मध्ये बेताचा चालला. २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. ही तिकिटं मॉलमधल्या थिएटरांत खपली. आमच्या गावात थिएटरच नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या अलीकडं. १९९० च्या हिवाळ्यात कापसाचे चुकारे लोकांच्या हातात आले होते, तेव्हा बाबा आणि काकांनी भागीदारीत व्हिडिओ लावायचं ठरवलं. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रीच्या भाड्यानं आणायचा, गोठ्यासमोर ताडपत्री बांधायची, तिकीट दोन रुपये. हिशेबाची वही काकांकडं, कारण ते मॅट्रिक झालेले. पहिल्या दोन रात्री काकांच्या पसंतीचे कौटुंबिक सिनेमे लागले. भाडं कसंबसं सुटलं. तिसऱ्या रात्री बाबांनी रामसेंच्या 'पुराना मंदिर'ची कॅसेट आणली. काका चिडले, "भुताच्या पिच्चरले कोन येते?"

दिवेलागणीलाच ताडपत्री भरली. बाया लेकरांसकट, गोधड्या घेऊन आल्या. त्यातला सैतान सामरी पडद्यावर आला की पोरं एकमेकांच्या मांडीवर चढत. पण खरी कमाई सिनेमा संपल्यावर झाली. अर्ध्या गावाला घरी जायला नाल्याकाठच्या बाभळींतून वाट होती. एकटं कोणी उठेना. "दुसरा लावा बाप्पा, उजाडल्यावर जाऊ." दुसऱ्या सिनेमाचं तिकीट वेगळं लागलं. मायनं रात्री दोनला पुन्हा चूल पेटवून भजे काढले, बेसन संपलं तेव्हा फक्त कांदे तळून दिले, तेही खपले. भीती वाटली की माणसाला माणूस जवळ लागतो, आणि म्हणून तो जागचा हलत नाही. हा धंदा मी तेराव्या वर्षी डोळ्यांनी पाहिला.

या सिनेमात सामरीचा शाप आहे, त्या घराण्यातली बाई बाळंतपणात मरणार. आजी पहिल्याच ओळीत बसली होती. तिची थोरली लेक, म्हणजे काकांची सख्खी बहीण, पहिल्या बाळंतपणात बैलगाडीतच गेली. दारव्ह्याचा रस्ता अर्धाही सरला नव्हता. आजीनं पूर्ण सिनेमाभर पदर तोंडावर धरला, डोळे मात्र झाकले नाहीत. सकाळी परत द्यायच्या कॅसेटी मी रिवाइंड करत होतो, तर ती जवळ आली. "थो सैतान मरते तेवढं दाखव बापू, एकडाव." मी शेवट लावला. तिनं तो उभ्यानंच पाहिला आणि शेण काढायला गेली.

त्याच दिवशी काका म्हणाले, "अडाणी लोक हायेत, काहीबी पाह्यतात," आणि भागीदारी सोडली. सामरीचं तोंड रंगवलेलं आहे हे आजीला दिसत होतं, तिनं तसं बोलूनही दाखवलं. तिला काय पाहायचं होतं ते तिच्या पोटच्या मुलाला कळलं नाही, याचा मला आजही राग आहे.

आता तुमचे पैसे. मित्राला आवाजाचं काम कळतं का ते आधी बघा, कारण भीती कानातून शिरते. मी वर घेतली ती गाजलेली नावं आहेत. पडलेल्या सिनेमांची नावं कोणी घेत नाही, आणि ते कितीतरी जास्त आहेत. 'पॅरानॉर्मल'च्या त्या १५ हजारांत जाहिरातीचा खर्च धरलेला नाही. आमच्या ताडपत्रीतला एक रुपयाही रामसेंपर्यंत पोचला नाही हेही खरं, तेव्हा लोकांनी पाहिला म्हणजे निर्मात्याला पैसे मिळालेच असं समजू नका. बुडाले तरी घर चालेल, एवढेच घाला.

आणि मित्रही प्रेक्षकाला अडाणी म्हणत असेल तर तेवढेही देऊ नका. ज्याला आपल्या गिऱ्हाइकाची लाज वाटते त्याच्याशी भागीदारी करू नये. बाबांनी पुढचे तीन हिवाळे एकट्यानं व्हिडिओ लावला, माझं डी.एड. त्यातून झालं. काका अजून प्रत्येक लग्नात सांगतात की ती एक रात्र निव्वळ नशिबानं भरली. रोजचा जमाखर्च मात्र भागीदाराच्या हातानं लिहून घ्या. आमची वही माझ्याकडं आहे. पहिली रात्र ६१ तिकिटं, दुसरी ५८, तिसरी दोन्ही सिनेमे मिळून ४१२. अक्षर काकांचं आहे.