जुन्या ट्रकला अ‍ॅल्युमिनियमची चाकं बसवायची आहेत, पण स्टड आखूड पडताहेत. स्लीव्ह नट लावून भागेल का?

भागेलही कदाचित, पण ते खाली सांगतो. आधी एक काम करा. चाक स्टडवर, म्हणजे चाक धरणाऱ्या आटेवाल्या दांड्यांवर, नीट बसवा, नट हातानेच लावा आणि घट्ट होईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजा. मोठ्याने मोजा, शेजारी कोणी हसलं तरी.

आमच्या घरी हसणारा थोरला भाऊ होता. गाडी दोघांची. रंगरंगोटी झाल्यावर दादाने कुठूनतरी अ‍ॅल्युमिनियमची सहा चाकं आणली, एकदम आरशासारखी. गाडी जुनी, स्टड मूळचे, लोखंडी डिस्कच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भोकं असलेल्या चकतीच्या, मापाचे. आटे 22 मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर पिचचे, म्हणजे एका फेऱ्याला नट दीड मिलिमीटर पुढे सरकतो. लोखंडी चाकांना मागे जोडचाकावर नट बावीस फेरे जायचा. नटाची उंची 27 मिलिमीटर, म्हणजे अठरा आटे नटात आणि चार बाहेर डोकावणारे. हे मला पाठ होतं, कारण लहानपणापासून नट फिरवायचं काम माझ्याकडेच.

अ‍ॅल्युमिनियमची चाकं चढवली आणि नट सहाव्या फेऱ्याला थांबला. मला वाटलं आट्यात कचरा अडकलाय. काढून ब्रश मारला, परत लावला. सहाच.

हिशोब सरळ आहे. लोखंडी डिस्क साधारण 12 मिलिमीटर जाड होती, अ‍ॅल्युमिनियमची 24. जोडचाकात दोन डिस्क एकावर एक, म्हणजे 24 मिलिमीटर जादा, म्हणजे सोळा फेरे गेले. पुढच्या एकेरी चाकाला आठ गेले. तिथे चौदा आटे धरत होते, पण नट भरायला चार कमीच. स्टडचं टोक नटाच्या आतच राहिलेलं बोट घालून कळायचं.

मी म्हटलं, गाडी हलवायची नाही. दादाने टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर लागला की टक्क वाजणारा पाना, आणला, 600 न्यूटन मीटरला लावला आणि एकेक नट आवळला. प्रत्येकावर पाना टक्क म्हणाला. "टक्क म्हणाला ना? मग झालं." यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आज देतो. पाना फक्त आपण किती जोर लावला ते सांगतो. तो जोर अठरा आट्यांनी पेलला की सहांनी, ते पान्याला कळत नाही.

चाक बदललं की 80 ते 160 किलोमीटरच्या आत नट परत आवळायचे असतात. तेवढं तरी आम्ही केलं. मागच्या डाव्या चाकाचे पहिले दोन नट ठीक. तिसऱ्यावर पाना टक्क म्हणेचना. दादा ओढतोय, नट मऊ मऊ फिरतोय. उलटा फिरवून काढला, तर त्याच्या पोटातून स्टडचे आटे तारेच्या वेटोळ्यासारखे बाहेर आले, चकचकीत. त्या चाकाचे असे चार निघाले. लोखंडी चाकं परत लावायला रात्र झाली, आणि त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आता तुमचे स्लीव्ह नट. त्यांचा गळा डिस्कच्या भोकात आत शिरतो, म्हणून आखूड स्टडवरही आटे मिळतात. पण त्यासाठी चाकाचं भोक मुळात मोठं, 32 मिलिमीटरचं हवं. चाकाचं भोक तसं नसेल तर ड्रिलने मोठं करायचा विचारही करू नका. डिस्क घासून पातळ करणारे महाभागही भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार. दुसरा मार्ग म्हणजे आतलं चाक लोखंडी ठेवून बाहेरचं अ‍ॅल्युमिनियमचं लावायचं. त्यात माझ्या मापाने आठच फेरे कमी होतात, पण आठ कमी झाले तरी नट भरून वर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत.

माझं मत विचाराल तर स्टड बदला. दहाच्या दहा. स्टड ज्यात बसतात तो हब उतरवा आणि प्रेसवर काढा-घाला. नवा स्टड नटाने ओढून बसवला की आटे ताणले जातात, हे दादाला अजून पटत नाही. घणाने ठोकू तर मुळीच नका. हबातली भोकं सैल झाली असतील तर स्टडचे दाते धरत नाहीत आणि नटाबरोबर स्टडच फिरतो. मग हबच बदला.

आणि हे सगळं कशासाठी? एका चाकामागे दहा-पंधरा किलो वजन वाचतं. रोज वजनावर माल भरत असाल तर पैसे वसूल. नुसतं चमकण्यासाठी असेल तर लोखंडी चाकांना रंग द्या.

हो, एक राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. जुन्या गाडीत बहुधा गोल बुडाचे नट असतात आणि चाक स्टडवरच मध्यावर येतं. सपाट भोकांचं अ‍ॅल्युमिनियमचं चाक हबच्या खांद्यावर, म्हणजे मधल्या गोल उंचवट्यावर, बसतं. त्याला सपाट बुडाचे, फिरत्या वॉशरचे नट लागतात. गोल बुडाचा नट त्यावर आवळला तर भोकाची कडा कुरतडली जाते. हबचा खांदा बाहेरच्या चाकापर्यंत पोचत नसेल, तर स्टड कितीही लांब घाला, चाक मध्यावर येणार नाही. डिस्क जिथे हबला टेकते तिथला जाड रंगही खरवडून काढा, तो दबला की नट सैल पडतात.

माझे आकडे माझ्या गाडीचे. डिस्कची जाडी कंपनीगणिक बदलते, तुमची कॅलिपरने मोजा. टॉर्क तुमच्या मॅन्युअलमधला धरा.

दादा अजूनही म्हणतो की नटच खराब लॉटचे होते. मग तेच नट लोखंडी चाकांवर इतकी वर्षं कसे टिकले, यावर तो विषय बदलतो. असो. नवे स्टड मागवण्याआधी डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत का ते बघा, जुन्या गाड्यांत असतात.