पाचारण यजमानांना आले, मला कोणी विचारलेच नाही

खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान पाळक असून पश्चिम केनियातील एका बायबल प्रशिक्षण शाळेत पाच वर्षे शिकवण्यासाठी एका मिशन संस्थेने त्यांची निवड केली आहे. रविवारच्या उपासनेत घोषणा झाली आणि सगळ्या मंडळीने उभे राहून प्रार्थना केली. आपल्यालाही जायचे आहे, हे या बाईंना त्या घोषणेतूनच कळले. त्या बेळगावच्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत. थोरली मुलगी मराठी माध्यमात सातवीत आहे, मुलगा पाच वर्षांचा आहे आणि घरात एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. मुलीला वसतिगृहात ठेवून बाकीच्यांनी जूनमध्ये निघावे, असे संस्थेने सुचवले आहे. पैशांचा, आजारपणाचा, शाळेचा विषय काढला की यजमान म्हणतात, ‘तू विश्वासात कमी पडतेस.’ महिनाअखेरीस संमतीपत्रावर सही हवी आहे. सही करावी का, आणि आपला विश्वास खरोखरच उणा आहे का, असे त्या विचारतात.

प्रिय भगिनी,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नाही, असे तुमच्या पत्रावरून वाटते. तुमचा विश्वास उणा नाही. पाच वर्षे परमुलखात राहायचे असताना मुलांच्या शाळेची आणि आजारपणाची चौकशी करणारी आई विश्वासाच्या विरुद्ध काही करत नसते. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दाखला येशूने शिष्य होण्याबद्दल बोलतानाच दिला होता, आणि तो दाखला तुमच्या यजमानांनी व्यासपीठावरून अनेकदा समजावून सांगितला असेल. घरात तो हिशेब तुम्ही करत आहात. त्यांनी त्या हिशेबाला बसायला हवे होते, ते अजून बसलेले नाहीत, एवढेच मला तुमच्या पत्रातून दिसते.

पाळकसाहेबांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पाचारण, म्हणजे देवाने सेवेसाठी केलेले बोलावणे, ही त्यांच्यासाठी खरी आणि खोल गोष्ट असणार. परंतु जे काम चौघांचे आयुष्य बदलणार आहे, ते पाचारण एकट्याने ऐकून बाकीच्या तिघांना कळवायचे नसते. या बाबतीत मिशनच्या इतिहासाने फार मोठी किंमत मोजलेली आहे. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांचे नाव आपल्या प्रत्येक मंडळीत आदराने घेतले जाते, कारण 1805 साली मराठीचे व्याकरण बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून त्यांनीच काढले. त्यांच्या पत्नी डोरोथी यांची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. 1793 मध्ये कॅरी हिंदुस्थानात यायला निघाले तेव्हा डोरोथी गरोदर होत्या आणि त्यांनी यायला नकार दिला होता. जहाज लांबणीवर पडले, तेवढ्यात बाळाचा जन्म झाला, आणि तान्हे मूल जेमतेम तीन आठवड्यांचे असताना आग्रह करून त्यांचे मन वळवण्यात आले. बहीण सोबत येणार असेल तरच येते, अशी अट त्यांनी घातली, यावरून त्या किती एकट्या पडल्या होत्या हे समजते. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर बंगालमध्ये आजारपणात गेला. त्यानंतर डोरोथींचे मन कायमचे बिघडले आणि 1807 मध्ये त्याच अवस्थेत त्यांचा अंत झाला. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. आज औषधे आहेत, विमाने आहेत, फोन आहे. पण घाईघाईने मिळवलेला होकार हा होकार नसतो, ही गोष्ट सव्वादोनशे वर्षांत बदललेली नाही, आणि तुमच्या यजमानांनी कॅरींच्या कार्याबरोबर त्यांच्या घराचाही विचार करावा, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःची खात्री पटल्यावर. त्या थांबल्या म्हणून टिळकांचे कार्य थांबले नाही.

आता मुलीबद्दल. माझे सर्वांत ठाम मत याच गोष्टीवर आहे. तिला वसतिगृहात ठेवून जाण्याचा प्रस्ताव तुम्ही स्वीकारू नये. मिशनरी कुटुंबांत मुलांना दूर ठेवण्याची प्रथा जुनी आहे. लंडन मिशनरी सोसायटीने 1820 मध्ये बेळगावात काम सुरू केले आणि बेनन-स्मिथ हायस्कूलच्या नावात त्या काळच्या मिशनऱ्यांची आठवण आजही आहे. त्या पिढीतील परदेशस्थ मिशनऱ्यांची मुले लहान वयातच इंग्लंडला पाठवली जात. त्यांच्यासाठी लंडनजवळ वॉल्थमस्टो येथे 1838 मध्ये मुलींची आणि 1842 मध्ये मुलांची स्वतंत्र शाळा काढावी लागली. आईवडिलांची गाठ वर्षानुवर्षे पडत नसे, आणि काहींची पुन्हा पडलीच नाही. त्या काळी हवामान, रोगराई आणि प्रवासाचे महिने पाहता त्यांच्यापुढे फारसे पर्याय नव्हते. तुमच्यापुढे आहेत. बारा वर्षांची मुलगी वयात येण्याच्या उंबरठ्यावर असते. त्याच वर्षी आई, वडील आणि भाऊ एकदम परदेशी गेले, तर देवाच्या कामासाठी आपल्याला मागे टाकले, अशी समजूत तिच्या मनात घर करू शकते, आणि ती समजूत पुढे देवाबद्दलच्या तिच्या भावनेलाही चिकटते. कोणत्याही सेवाकार्याने ही किंमत मागू नये.

मात्र तिला सोबत नेणे सोपे आहे, असे मी म्हणणार नाही. केनियात शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते, शिक्षण इंग्रजीतून चालते आणि तिथल्या अभ्यासक्रमात स्वाहिली हा आवश्यक विषय आहे. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलीला तिथे एकाच वेळी दोन भाषांशी झुंजावे लागेल. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि दूरदर्शनवर हिंदी अशा वातावरणात वाढलेल्या आपल्या सीमाभागातील मुलांना नव्या भाषेची भीती कमी वाटते, हे खरे असले तरी बाजारात बोलणे वेगळे आणि त्या भाषेत विज्ञानाचा पेपर लिहिणे वेगळे. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या खासगी शाळा तिथे आहेत, पण त्या महाग आहेत. किजाबे येथे 1906 पासून मिशनरींच्या मुलांसाठी निवासी शाळा आहे, पण ती पश्चिम केनियापासून दूर आहे आणि निवासी असल्याने प्रश्न पुन्हा तिथेच येतो. म्हणून कोणती शाळा, घरापासून किती अंतरावर, फी कोण भरणार, आणि मुलीला तिथे जमले नाही तर काय, याची उत्तरे संस्थेने लेखी द्यावीत. जूनऐवजी डिसेंबरअखेर निघालात तर तिला इंग्रजीच्या तयारीला सहा महिने मिळतील आणि तिथे वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेत जाता येईल. आणि कृपा करून तिला विचारा. निर्णय तिच्यावर सोपवू नका, तो भार तिच्या वयाला पेलणार नाही, पण तिची भीती तिच्या शब्दांत ऐकून घ्या, तीही तिच्या वडिलांच्या समोर.

धाकट्याची चिंता निराळी आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपासच्या भागात मलेरिया वर्षभर असतो आणि आपल्याकडून गेलेल्या लहान मुलाच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नसते. मच्छरदाणी, प्रतिबंधक औषध आणि ताप आल्यावर त्याच दिवशी तपासणी, हे तुम्हाला परिचारिका म्हणून मी सांगायला नको. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि तिचा दाखला जपून ठेवा. तो नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. मुलगा बाराखडी शिकण्याआधीच घर सोडणार आहे, तेव्हा पहिली ते चौथीची मराठीची पाठ्यपुस्तके सामानात घ्या आणि रोज थोडे वाचून घेत जा. परत आल्यावर आजीशी आणि मंडळीशी त्याचे नाते त्याच भाषेत जुळायचे आहे.

तुमच्या स्वतःच्या कामाबद्दल पत्रात एकच ओळ आहे, आणि ती वाचून मला वाईट वाटले. नोकरी सोडावी लागेल, एवढेच तुम्ही लिहिले आहे. पतीच्या परवान्यावर आश्रित म्हणून राहणाऱ्या पत्नीला केनियात नोकरी करता येत नाही. परिचारिका म्हणून काम करायचे तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि स्वतंत्र परवाना लागतो. याचा अर्थ असा की तुमचे शिक्षण आणि अनुभव पाच वर्षे बाजूला पडतील आणि तरीही पाहुण्यांचा स्वयंपाक, बायकांच्या प्रार्थनासभा आणि आजाऱ्यांची विचारपूस ही कामे न सांगता तुमच्याकडे येतील. पाळकाच्या पत्नीचे श्रम गृहीत धरण्याची सवय आपल्या मंडळ्यांना फार आहे. तेव्हा तुमची तिथली भूमिका काय, तुमच्या नावाचा परवाना संस्था काढणार का आणि मानधन दोघांचे की एकाचे, हे स्पष्टपणे विचारा. इथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कोणत्याही परिस्थितीत चालू ठेवा.

यजमानांनाही एक प्रश्न विचारा, आणि तो शांतपणे विचारा. केनियाच्या 2019 च्या जनगणनेनुसार तिथली सुमारे 85 टक्के लोकसंख्या ख्रिस्ती आहे. तिथे अनुभवी स्थानिक पाळक आहेत, बायबल शाळा आहेत. मग बेळगावहून शिक्षक नेण्याची मागणी नेमकी कोणाची आहे? तिथल्या मंडळीने लेखी बोलावले आहे का, आणि तुमचे यजमान तिथे कोणाच्या हाताखाली काम करणार? याचे उत्तर समाधानकारक असेल तर तुमचेही मन हलके होईल, कारण आपली खरोखर गरज आहे हे समजलेला माणूस बराच त्रास सोसू शकतो. उत्तर मोघम असेल, तर ते निघण्यापूर्वी कळलेले बरे.

पैशांबाबत लाजू नका. पौलालाही फिलिप्पैच्या मंडळीकडून मदत पोहोचत असे आणि त्याने ती मोकळेपणाने स्वीकारली. मंडळीतील कुटुंबांनी दरमहा देण्याचे वचन दिले आहे, असे तुम्ही लिहिता. अशी वचने पहिल्या वर्षी उत्साहाने पाळली जातात, पुढे घरोघरच्या अडचणी वाढतात, त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. म्हणून कमी पडलेली रक्कम संस्था भरून देईल का, चौघांचा तिथे चालणारा आरोग्य विमा आहे का, आणीबाणीत परतीचे तिकीट कोण काढणार, आणि पाच वर्षांनंतर यजमानांना इथे कोणते काम मिळणार, हे करारात असावे. तुम्ही अनिवासी झालात की इथले बचत खाते बँकेत अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. सासूबाईंच्या औषधांचा खर्च त्या खात्यातून चालणार असेल तर हे आधीच करून घ्या.

सासूबाईंबद्दल फार लिहीत नाही, कारण हुबळीच्या दिरांनी त्यांना ठेवून घ्यायची तयारी दाखवली आहे. फक्त त्यांना खानापूरचे घर आणि आपली मंडळी सोडायची आहे का, हे दिरांनी नव्हे, त्यांनी सांगावे. केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, त्यामुळे त्यांच्या झोपण्याआधी रोज बोलता येईल.

आता सहीबद्दल. या महिन्यात सही करू नका. नकारही देऊ नका, कारण तुमच्या पत्रात मला नकार दिसत नाही, उलट केनियाच्या नकाशावर ते गाव शोधून पाहिल्याचे तुम्ही लिहिले आहे. यजमानांना एखाद्या संध्याकाळी, मुले झोपल्यावर, एवढेच सांगा की मला तुमच्यासोबत यायचे असेल तर स्वतःच्या पायांनी यायचे आहे, आणि त्यासाठी मला सहा महिने आणि ही उत्तरे हवी आहेत. मग दोघांच्या सहीने संस्थेच्या सचिवांना पत्र लिहा. यजमान सही करायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या सहीने लिहा आणि त्याची एक प्रत त्यांच्या हातात द्या, म्हणजे पाठीमागे काही केले असे होणार नाही. त्यानंतरही बोलणे अडले तर मंडळीतील तुम्हा दोघांचाही ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्याला मध्ये बसवा. एकटे पुरुष नकोत, जोडपेच हवे. सचिवांचे उत्तर आल्यावर मला पुन्हा लिहा. ते उत्तर काय आले आणि काय आले नाही, यावर पुढचे बोलू.