मोबाइलला नेट मिळतं, मग लॅपटॉपला का नाही?

प्रश्न : माझा लॅपटॉप परवापर्यंत व्यवस्थित चालत होता. आता वाय-फायचा पासवर्ड घेतो, 'कनेक्टेड' म्हणतो, पण खाली 'नो इंटरनेट, सिक्युअर्ड' असं येतं. त्याच खोलीत मोबाइल चालतो. ओळखीच्या एकाने विंडोज पुन्हा टाकायला सांगितलं आहे. लॅपटॉपमध्ये माझं प्रबंधाचं काम आहे, म्हणून हिंमत होत नाही. काय करू?

उत्तर : विंडोजला हात लावू नका. प्रबंधाची एक प्रत मात्र आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवा, मग निवांतपणे बसू.

आधी मोबाइलचा मोबाइल डेटा बंद करा आणि नुसत्या वाय-फायवर एखादं पान उघडून बघा. वाय-फायला नेट नसलं की बरेच फोन गुपचूप डेटावर जातात आणि आपण लॅपटॉपला दोष देत बसतो. पान उघडलं नाही तर बिघाड राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे. उघडलं, तर पुढे वाचा.

तुमचा लॅपटॉप पासवर्ड घेतो आहे, म्हणजे त्याचं वाय-फाय कार्ड आणि ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) दोन्ही जिवंत आहेत. 'कनेक्टेड' याचा अर्थ एवढाच, की लॅपटॉप राउटरपर्यंत पोचला. नेट मिळायला राउटरकडून त्याला एक पत्ताही मिळावा लागतो, आयपी ॲड्रेस. तो मिळाला की नाही हे डोळ्यांनी बघता येतं. वाय-फाय सेटिंगमध्ये तुमच्या नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'आयपीव्ही४ ॲड्रेस' शोधा. मोबाइलमध्येही वाय-फायच्या नावावर टिचकी मारली की त्याचा पत्ता दिसतो. दोन्ही कागदावर एकाखाली एक लिहा.

समजा मोबाइलचा १९२.१६८.१.७ आहे. मग घरगुती राउटरवर लॅपटॉपचाही १९२.१६८.१ असाच सुरू व्हायला हवा, फक्त शेवटचा आकडा वेगळा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने आपल्या मनाने लावून घेतला आहे. अशा वेळी ते नेटवर्क 'फरगेट' करा, राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करा आणि पुन्हा जोडा.

पत्ता तिसराच काही असेल, तर त्याच पानावर 'आयपी असाइनमेंट' बघा. तिथे 'मॅन्युअल' दिसलं तर 'ऑटोमॅटिक (डीएचसीपी)' करा. हे मी आवर्जून सांगते, कारण मी स्वतः यात एक अख्खी रात्र घालवली आहे. एका कामासाठी लॅपटॉपला ठरावीक पत्ता दिला होता, तो काढायचा राहिला. दुसऱ्या ठिकाणी नेट चालेना, म्हणून मी पहाटेपर्यंत ड्रायव्हर काढत-घालत बसले. बदल करायचा होता तो एका ओळीचा.

पत्ते जुळतात आणि तरीही पानं उघडत नाहीत? मग लॅपटॉपचं घड्याळ बघा. तारीख चुकली असेल तर ब्राउझरला साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं पटत नाहीत. तारीख बरोबर असेल तर 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट'ही ऑटोमॅटिक करा; डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी सोय. व्हीपीएन किंवा वेगळा अँटिव्हायरस टाकला असेल तर तो थोडा वेळ बंद करून पाहा.

यातल्या कशानेच काम झालं नाही तर विंडोजच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क रीसेट' आहे, म्हणजे नेटच्या सगळ्या सेटिंग मूळ स्थितीत आणणं. त्याने तुमच्या फायलींना धक्का लागत नाही, पण साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून घ्या. तोवर काम अडायला नको : मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, वाय-फाय कार्डाशिवाय लॅपटॉपला नेट मिळेल.

एवढ्यावरही अडलं, तर कागदावरचे ते दोन पत्ते मला कळवा.