सरीतल्या पाण्याचं संगणकीय मॉडेल शेताशी जुळत नाही. सॉफ्टवेअर बदलू का?

तुमचं म्हणणं असं, की परभणीजवळच्या उसाच्या 120 मीटर सरीत विनएसआरएफआर (सरीतल्या पाण्याचं मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर) 40 मिनिटांत पाणी शेवटाला पोचवतं आणि शेतात तासाभराने ते 80 मीटरवरच असतं. सॉफ्टवेअर बदलू नका. 0.2 टक्के उताराला त्यातली झिरो-इनर्शिया पद्धत, म्हणजे पाण्याचं जडत्व सोडून केलेलं गणित, पुरेशी आहे. उघड्या प्रवाहाची सेंट व्हेनांची पूर्ण समीकरणं सोडवलीत तरी उत्तर फारसं हलणार नाही. चुकलाय तो झिरप्याचा आकडा, आणि तो दुहेरी कड्यांच्या चाचणीतला आहे, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या दोन कड्यांत पाणी भरून ते किती वेगाने मुरतं हे मोजण्यातला.

काळ्या भारी रानात कडं ठोकायला सगळे भेगा नसलेली जागा शोधतात. भेगेवर ठोकलं तर पाणी खालून निसटतं. म्हणजे पहिल्या पाळीचं निम्म्याहून जास्त पाणी ज्या वाटेने जातं, तीच मोजणीतून गाळली जाते. तुमचाच हिशेब बघा. सेकंदाला 1.2 लिटरने तासाभरात 4,320 लिटर आत गेलं. सरीच्या तोंडाशी प्रवाहाचा छेद 100 चौरस सेंटिमीटर धरला, तर 0.77 आकारगुणकाने (पुढे छेद कमी होत जातो म्हणून) 80 मीटरमध्ये वर दिसणारं पाणी जेमतेम 620 लिटर. उरलेलं 3,700 लिटर 1.2 मीटर रुंदीच्या पट्ट्यात मुरलं, म्हणजे सरासरी 38 मिलिमीटर. चिकणमातीचा स्थिर झिरपा ताशी 1 ते 5 मिलिमीटर असतो. बाकीचं भेगांनी प्यायलं.

प्रबंधाला कड्यांचीच चाचणी हवी, असा हट्ट धरणारे मार्गदर्शक मला कधीच पटले नाहीत. सरीचा झिरपा सरीतच मोजावा. तोंडाशी 90 अंशांची व्ही-नॉच, म्हणजे प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच असलेली पाटी, बसवा. 6 सेंटिमीटर उंचीला सेकंदाला साधारण 1.2 लिटर मिळतं, पण उंची खाचेवर न मोजता थोडी मागे मोजा. नॉचखाली पाणी मोकळं पडलं पाहिजे, तुंबलं की माप खोटं. सपाट रानात तेवढी पडण मिळत नाही, तिथे लहान पार्शल फ्ल्यूम (प्रवाह मोजायची अरुंद गळ्याची पन्हळ) घ्या. दर 10 मीटरला खुंटी ठोकून पाणी पोचल्याची वेळ लिहा. शेजारच्या दोन्ही सऱ्याही सोबत भिजवा, नाहीतर मधल्या सरीचं पाणी बाजूला ओढलं जातं. मग मॉडेलमध्ये सुधारित कोस्त्याकोव्ह हे झिरप्याचं समीकरण निवडून त्यातला c हा स्थिरांक, म्हणजे सुरुवातीलाच एकदम मुरणारं पाणी, भेगांसाठी वापरा. तो शून्य ठेवला की वेळेनुसार मुरणं दाखवणारे k आणि a उगाच ताणले जातात. मॅनिंगचा n, म्हणजे सरीच्या खडबडीतपणाचा आकडा, नांगरट-मोगडा झालेल्या उघड्या सरीला 0.04 धरून सुरुवात करा, पाचट असेल तर बराच वाढवा.

हे आकडे पहिल्या पाळीचेच. भेगा मिटल्यावर दुसऱ्या पाळीला c उतरतो, तेव्हा पुन्हा मोजा. शिवाय जायकवाडीच्या चारीवर वरच्याने दार उघडलं किंवा विहिरीवर व्होल्टेज पडलं की प्रवाह बदलतो, आणि तुम्ही मॉडेलला तो स्थिर सांगितलेला असतो. नॉचची उंची दर 10 मिनिटांनी टिपा आणि प्रवाहाचा बदलता तक्ताच भरा. सरी किती लांब ठेवावी हे त्यानंतर विचारा. सरीचं टोक बांधलेलं आहे की मोकळं, तेही सांगा, कारण बांधलेल्या टोकाला सॉफ्टवेअरमधली दुसरी, सोपी पद्धत, कायनेमॅटिक वेव्ह, चालत नाही.