हृदयाला अटक होत नाही, ते बंद पडतं

वाशिमकडच्या एका शिक्षिकेला शाळेच्या भिंतीवर आरोग्याचा फलक रंगवायचा आहे. त्या विचारतात, ‘अरेस्ट’ हा शब्द पोलीसही वापरतात आणि डॉक्टरही. पोलिसांच्या अरेस्टला आपण ‘अटक’ म्हणतो, तर ‘कार्डियाक अरेस्ट’ला ‘हृदयअटक’ म्हणायला काय हरकत? मूळ शब्द एकच ना?

मूळ एकच, हे खरं. ‘मागे थांबून राहणं’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून, फ्रेंचमार्गे, तो इंग्रजीत आला. त्यातला उभं राहण्याचा धातू आणि आपला संस्कृत ‘स्था’ एकाच कुळातले. म्हणजे ‘स्थानबद्ध’ हा अरेस्टचा दूरचा भाऊबंद निघतो, ‘अटक’ नव्हे! पण मूळ एक म्हणून प्रतिशब्दही एकच ठेवायचा, हे काही पटत नाही.

कारण ‘अटक’ला कर्ता लागतो. कोणीतरी कोणाला तरी अटक करतं. हृदयाला कोण करणार? यमदूत म्हणाल तर ठीक. सावित्रीची गोष्ट मग जामिनाची झाली. बायपासच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर पुष्कळदा औषध सोडून हृदय मुद्दाम थांबवतात, इंग्रजीत त्यालाही अरेस्टच म्हणतात. तिथं कर्ता आहे, तरी आपण ‘हृदय थांबवलं’ म्हणतो, ‘हृदयाला अटक केली’ कोणी म्हणत नाही.

आपल्या विदर्भात आणखी एक गंमत आहे. पुण्याकडे गाडी चिखलात ‘अडकते’, आपल्याकडे ती ‘अटकते’. घास अटकतो, चुकाऱ्याचे पैसे अटकतात, सातबाऱ्याचा फेरफार तलाठ्याकडे अटकतो. क्रियापद चिखलातलं आहे, पण नाम मात्र पोलिसांनी नेलं. नुसतं ‘अटक झाली’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जीपच उभी राहते.

हे मला एका आजींनी शिकवलं. तीसेक वर्षं मी तालुक्याच्या कोर्टाबाहेर अर्जनवीस म्हणून बसतोय. एका पावसाळ्यात या आजी दहावीतल्या नातवाला घेऊन आल्या. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि म्हणाल्या, “भाऊ, मेल्यावर अटक कायची? माह्या पोरानं कोनाचं काय वाकडं केलं होतं?” कागद मृत्यूच्या कारणाचा होता. कारणापुढे इंग्रजीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढंच. नातवानं शाळेतल्या इंग्रजीच्या जोरावर आजीला वाचून दाखवलं होतं, ‘हृदयाची अन् श्वासाची अटक’. पोराची चूक म्हणता येत नाही. डिक्शनरीत पहिला अर्थ तोच सापडतो.

मी विचारलं, झालं काय होतं? आजींनी सांगितलं ते जवळजवळ असंच लिहून घेतलं: “खाली झोपला होता. राती कायतरी चावलं म्हने, पन दुखे नाही, सुजही नाही. पाहाटं पापन्या उघडेना, बोलता येईना, थुका गिळता येईना. अन् मंग दम कोंडला.”

मण्यार. तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. विषानं स्नायू लुळे पडतात, आधी पापण्या, मग घसा, शेवटी श्वासाचे स्नायू. श्वास थांबला की मागोमाग हृदय. दवाखान्याच्या कागदावर साखळीचं फक्त शेवटचं टोक होतं. आजींच्या चार वाक्यांत ती अख्खी होती. आणि ‘रेस्पिरेटरी अरेस्ट’चा मराठी शब्दही त्यांनीच देऊन टाकला: दम कोंडणं.

आता हा नुसता शब्दांचा कीस नाही. पोराच्या नावावर तीन एकर होतं. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, मृत्यूला 2 लाख रुपये, आणि सर्पदंश त्यात बसतो. नैसर्गिक मृत्यू बसत नाही. ‘अरेस्ट’वरून सर्पदंश की म्हातारपण, काय कळणार? कोणीही मरो, हृदय आणि श्वास थांबणारच. मृत्यूच्या कारणाच्या सरकारी छापील नमुन्यातच सूचना असते की मरण्याची तऱ्हा लिहू नका, ज्या आजारानं किंवा इजेनं मरण आलं ते लिहा. तरी सर्रास अरेस्ट लिहून मोकळे होतात. आम्ही शवविच्छेदनाचा अहवाल काढला, पंचनामा जोडला, आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावाच्या अर्जात ‘सर्पदंशाने दम कोंडून मृत्यू’ असं लिहिलं. कारकुनानं ‘दम कोंडून’खाली पेनानं रेघ मारली, पण अर्ज घेतला.

कोर्टाच्या बाजूचंही थोडं सांगतो, तिथं रोजचं बसणं आहे. कायद्यातली अटक शब्दानं नाही, हातानं होते. पोलिसानं अंगाला हात लावला किंवा अडवून धरलं, अथवा माणूस बोलण्या-वागण्यातून स्वतःहून ताब्यात आला, की अटक. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम 43 मध्ये आहे. जुन्या संहितेत 46 होतं. बाई असेल तर तोंडी सांगितलं की ती ताब्यात आली असं धरतात, पुरुष पोलिसानं हात लावायचा नसतो. गावात मात्र यापेक्षा जास्त पायऱ्या आहेत. ‘ठाण्यात बोलावलं’, ‘बसवून ठेवलं’, ‘उचललं’, ‘आत टाकलं’. यातलं ‘बसवून ठेवलं’ सगळ्यात फसवं. कागदावर अटक नाही, पण घरी जाता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, हा घटनेच्या अनुच्छेद 22 मधला नियम; ते घड्याळ लांबवायलाच हा शब्द कामी येतो, असं माझं मत. त्याच अनुच्छेदात अटकेचं कारण लवकरात लवकर सांगण्याचाही हक्क आहे. अटक झालेल्याला कारण सांगावं लागतं आणि मेलेल्याच्या आईला ‘अरेस्ट’ या एका शब्दावर वाटेला लावतात, हे मला तेव्हापासून खुपतं.

डॉक्टरांचे बाकीचे अरेस्टही आपल्या बोलीत केव्हाच वाटले गेलेत. बाळंतपणात मूल पुढे सरकेनासं झालं की बाई ‘अडली’. अडल्या हरीनं गाढवाचे पाय धरले, त्यातलंच हे अडणं. (‘मूल आडवं आलं’ ते वेगळं, आडवं आलं तर अडतं, पण अडलेलं प्रत्येक मूल आडवं नसतं.) पोराची वाढ थांबली तर ती ‘खुंटली’, शेंडा मारलेल्या पऱ्हाटीसारखी. लघवी ‘तुंबते’, तिला डॉक्टर अरेस्ट म्हणत नसले तरी. प्रत्येक थांबण्याला वेगळं क्रियापद आहे, आणि ते ऐकूनच काय थांबलं याचा अंदाज येतो.

तेव्हा बाई, फलकावर ‘हृदय बंद पडणे’ लिहा आणि शेजारी ‘कार्डियाक अरेस्ट’ देवनागरीत. ‘हृदयविकाराचा झटका’ लिहू नका, तो अटॅक. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. छातीत कळ येते, घाम फुटतो, पण माणूस बहुधा बोलत असतो, नाडी चालू असते. अरेस्टमध्ये तो एकाएकी कोसळतो, हाक दिली तर ओ देत नाही, नीट श्वास नाही, नाडी नाही. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, म्हणूनच घोळ होतो. त्यात आपल्याकडे घाईत ‘अटॅक’चा उच्चार ‘अटक’च्या इतका जवळ जातो की ‘सरपंचाले अटॅक आला’ हे मी एकदा भलतंच ऐकून जामिनाचे कागद काढायला घेतले होते.

फलकावर जागा उरली तर एवढं घाला: 108 ला फोन करताना नुसतं ‘अटॅक आला’ सांगू नका, ‘माणूस उठत नाही, नीट श्वास घेत नाही’ असं सांगा. आणि गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल.